पिस्तूल आणि कानस

आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये पहिले काही महिने आम्ही काहीही बनवलं नाही. नुसती कानस मारली. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा, हातात बारा इंची बास्टर्ड कानस आणि शेजारी गुण्या घेऊन उभे असलेले सर. पृष्ठभाग सपाट झाला असं वाटलं की गुण्या लावायचा, तुकडा खिडकीकडे धरायचा, मधून उजेडाची फट दिसली की परत व्हाइसवर. पुढे ‘मेल-फिमेल’ जॉब आला. एका पट्टीत चौकोनी भोक आणि त्यात बसणारा दुसरा चौकोन. कुठल्याही बाजूनं फिरवला तरी बसला पाहिजे आणि उजेड दिसता कामा नये. माझा चौकोन एका बाजूनं झकास बसायचा, उरलेल्या तीन बाजूंनी नाही. सर म्हणायचे, “एका बाजूनं बसला म्हणजे तू फिटर. चारी बाजूंनी बसला म्हणजे तू मशीन.” हे कौतुक होतं की टोमणा, तेव्हा कळलं नव्हतं.

हे वाक्य पुन्हा आठवलं ते १९९८ साली, ओहायोतल्या एका तळघरात. मी तेव्हा पिंपरीच्या एका टूलरूममध्ये डाय फिटर होतो. एका प्रेस टूलच्या ट्रायलसाठी कंपनीनं मला तिकडे सहा आठवडे पाठवलं होतं. डाय फिटरचं मुख्य काम स्पॉटिंग. एका अर्ध्या भागाला निळा रंग अगदी पातळ चोळायचा, दोन्ही भाग एकमेकांवर दाबायचे, उघडून बघायचे. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तेवढाच घासायचा. पुन्हा रंग, पुन्हा दाब. दिवसचे दिवस जातात. तिथल्या टूलरूममधला एक साठी उलटलेला टूलमेकर दोन दिवस माझं काम मुकाट्यानं बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “घरी ये. मी संध्याकाळी हेच करतो, फक्त लहान आकारात.”

त्याच्या तळघरात बेंच होता, छोटा लेथ होता, निळ्याची अगदी माझ्याकडे होती तसलीच ट्यूब होती आणि फडक्यावर खोलून ठेवलेलं एक पिस्तूल होतं. कोल्ट १९११. तो नेमबाजांसाठी पिस्तुलांना नळ्या बसवून द्यायचा.

बंदूक या वस्तूबद्दल मला प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत तिनं काय करून ठेवलंय ते आपण रोज वाचतो. पण त्या फडक्यावरच्या तुकड्यांमध्ये माझ्या धंद्याचा दोनशे वर्षांचा इतिहास पडलेला होता, आणि तो मला कुठल्याच अभ्यासक्रमात कुणी शिकवला नव्हता. पुढे सुट्टीत मी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड आर्मरीचं संग्रहालय पाहून आलो, नंतर मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जमलेली ही गोष्ट.

आधी पिस्तुलाबद्दल, कारण त्याची रचना समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जॉन मोझेस ब्राउनिंग हा युटामधल्या ऑग्डेनचा, बंदुका बनवणाऱ्या बापाचा मुलगा. त्याच्या या पिस्तुलात वरचा लांबट भाग म्हणजे स्लाइड, तिच्या पोटात नळी. नळीच्या पाठीवर उंचवटे आहेत, ते स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकतात. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकींना धरून थोडं अंतर मागे जातात. मग नळीच्या बुडाशी असलेली एक छोटी कडी तिला मागच्या बाजूनं खाली ओढते, उंचवटे खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटीच पुढचा प्रवास करते. रिकामं काडतूस फेकते, नवं उचलते, परत येताना नळीला वर ढकलून पुन्हा जागेवर बसवते. ब्राउनिंगच्या १९०५च्या नमुन्यात अशा दोन कड्या होत्या, एक पुढे आणि एक मागे. १९११पर्यंत मागची एकच उरली. नळीचं पुढचं तोंड सांभाळायचं काम एका पोलादी बांगडीकडे आलं. आकारानं ती बोटातल्या अंगठीएवढी. तिला म्हणतात बुशिंग. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत बुश.

म्हणजे दर गोळीला नळी आपली जागा सोडते आणि परत येते. नेम धरायची माशी आणि खाच मात्र नळीवर नसून स्लाइडवर असतात. नेमबाज स्लाइडनं बघतो आणि नळीनं मारतो. नळी दर वेळी स्लाइडमध्ये नेमकी त्याच जागी परत आली नाही, तर डोळ्यानं धरलेला नेम आणि गोळीची वाट यांची फारकत होते.

सैन्याला १९११ साली याची फार फिकीर नव्हती. फिलिपिन्समधल्या मोरो लोकांशी लढताना .३८च्या रिव्हॉल्व्हरनं माणूस थांबत नाही, अशी तक्रार होती. १९०४मध्ये थॉम्सन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून .४५चा आग्रह धरला. मार्च १९११मध्ये शेवटची चाचणी झाली. सहा हजार गोळ्या. शंभर झाल्या की पिस्तूल थंड होऊ द्यायचं, हजार झाल्या की साफ करून तेल द्यायचं. कोल्टचं पिस्तूल एकदाही अडलं नाही, प्रतिस्पर्धी सॅव्हेजचं अनेकदा अडलं. २९ मार्चला कोल्ट स्वीकारलं गेलं. सैन्याला हवं होतं ते चिखलात चालणारं, हत्याराशिवाय खोलता येणारं, आणि एकाचा भाग दुसऱ्याला लागणारं पिस्तूल.

यातल्या शेवटच्या अपेक्षेची कहाणी बरीच जुनी आहे, आणि माझ्यासारख्याला ती जरा बोचणारीही आहे.

जुलै १७८५मध्ये पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात ओनोरे ब्लां नावाच्या फ्रेंच बंदूककारानं पन्नास चापांचे भाग वेगवेगळ्या ढिगांत मांडले होते. पाहुण्यांनी हवा तो भाग उचलायचा आणि चाप जोडायचा. पाहुण्यांत अमेरिकेचे फ्रान्समधले वकील थॉमस जेफरसन होते. त्यांनी हाती येईल तो तुकडा घेऊन स्वतः चाप जोडून पाहिले आणि ऑगस्टअखेरीस घरी पत्र पाठवून हे कळवलं. त्याआधी बंदूक म्हणजे कारागिरानं कानस मारत जुळवलेली वस्तू. तिचा प्रत्येक भाग फक्त तिच्याच शेजारच्या भागात बसणार. रणांगणावर चापाचा एक स्क्रू तुटला तर बंदूक लाकूड म्हणून वापरायची किंवा कारागीर शोधायचा.

पुढचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं ते एली व्हिटनीचं. १७९८मध्ये त्यानं दहा हजार मस्केटचं कंत्राट घेतलं. १८०१मध्ये नेत्यांसमोर भाग अदलाबदल करून दाखवले आणि सगळे थक्क झाले. बंदुका मात्र दोन-अडीच वर्षांऐवजी १८०९पर्यंत रखडत गेल्या. १९६०मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकारानं ही दंतकथा तपासायला घेतली. अभ्यासकांनी व्हिटनीच्या शिल्लक बंदुका खोलून पाहिल्या, तेव्हा भाग एकमेकांत बसेनात. काही भागांवर खुणा कोरलेल्या निघाल्या, कुठला तुकडा कुठल्या बंदुकीचा ते कळावं म्हणून. म्हणजे तिथेही फिटरच बसला होता. फक्त तो प्रयोगाच्या दिवशी पडद्यामागे होता.

अदलाबदलीची अट कंत्राटात लेखी आली ती १८१३मध्ये आणि, योगायोग बघा, पिस्तुलांसाठीच. कनेटिकटच्या सिमियन नॉर्थनं वीस हजार पिस्तुलं बनवायची होती, आणि वीस हजारांतल्या कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलाला लागला पाहिजे असं त्यात म्हटलं होतं. खऱ्या अर्थानं हे साधलं ते जॉन हॉलनं, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत. (जॉन ब्राउनच्या १८५९च्या उठावामुळे हे गाव नंतर प्रसिद्ध झालं.) १८१९मध्ये एक हजार रायफलींचं कंत्राट घेऊन हॉल तिथे आला. त्यानं यंत्रं बांधली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेज बनवली. डझनावारी गेज. कामगाराच्या नजरेवर आणि बोटांवर सोडायचं नाही, तुकडा गेजमध्ये गेला तर पास, नाही तर भंगार. १८२६च्या सुमारास तपासनिसांनी शंभर रायफली खोलून भाग मिसळले आणि परत जोडल्या. जुळल्या.

सरकारनं हे सगळं कशाला केलं? स्वस्त पडतं म्हणून, असं मला आधी वाटायचं. तसं नव्हतं. अदलाबदलीच्या बंदुका सुरुवातीला महागच पडत होत्या. सैन्याला रणांगणावर दुरुस्ती हवी होती आणि पैसा सरकारी तिजोरीतला होता, म्हणून अर्धशतक हा प्रयोग चालला. खाजगी धंद्यानं तो कधीच अर्ध्यावर सोडला असता.

आणि ज्यांच्या हातातली कानस जाणार होती ते काय करत होते? हार्पर्स फेरीचे कारागीर वाटेल तेव्हा येत, नेमलेलं काम उरकलं की जात. १८२९-३०मध्ये थॉमस डन नावाच्या नव्या अधीक्षकानं शिस्तीचा बडगा उगारला. जानेवारी १८३०मध्ये एबेनेझर कॉक्स या कामगारानं त्याच्या कचेरीत शिरून त्याला गोळी घातली. कॉक्सला फाशी झाली. १८४२मध्ये घड्याळाप्रमाणे काम करण्याच्या सक्तीविरुद्ध तिथल्या कारागिरांनी संप केला आणि कालव्यातून बोटीनं थेट वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष टायलर यांना गाठलं. त्यांनी सगळ्यांशी प्रेमानं बोलून परत कामावर पाठवलं. एक सांगायला हवं: डनचा खून यंत्रामुळे झाला असं म्हणणं सोपं आहे, पण भांडण शिस्तीचं आणि नोकरीचं होतं. तरीही गेज आणि घड्याळ एकाच दारानं आत आले, हे विसरता येत नाही. दोघांचंही म्हणणं एकच होतं, तुझ्या अंदाजावर आमचा विश्वास नाही.

१८५४मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांचं एक पथक स्प्रिंगफिल्डला आलं. त्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली दर वर्षाची एक अशा दहा मस्केट निवडल्या, खोलायला लावल्या, भाग मिसळले. कामगारानं नुसत्या स्क्रूड्रायव्हरनं त्या परत जोडून दिल्या. पाहुण्यांनी जाताना यंत्रांची ऑर्डर दिली आणि ती यंत्रं लंडनजवळ एनफिल्डला गेली. आपल्याला एनफिल्ड हे नाव माहीत असतं ते १८५७च्या काडतुसांमुळे. त्याच सुमारास तिथे अमेरिकन यंत्रांवर बंदुका निघायला लागल्या होत्या.

शिवणयंत्राचा सिंगर घ्या. आपल्याकडे आजीच्या घरी असायचं तेच. सिंगरच्या कारखान्यात १८८०च्या आसपासपर्यंत फिटर कानस मारून भाग जुळवत आणि एकेका यंत्राचे भाग ओळखता यावेत म्हणून त्यांवर नंबर ठोकत. साठ वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, त्याच सिंगरला सैन्यानं पाचशे १९११ पिस्तुलं बनवायला दिली. शिवणयंत्रवाल्यांना हे जमतंय का, एवढंच बघायचं होतं. जमलं. पण पुढे सिंगरला तोफांच्या नेमाची उपकरणं बनवायला लावली आणि पिस्तुलांचं काम टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडकडे गेलं. त्यांचं १९४३मध्ये भाग अदलाबदल होत नाहीत म्हणून काही काळ उत्पादन थांबलं, आणि तरीही युद्ध संपेपर्यंत कोल्टसकट सगळ्यांपेक्षा जास्त १९११ए१ त्यांनीच बनवली. युद्धातल्या दुरुस्तीत एकाची स्लाइड, दुसऱ्याची नळी, तिसऱ्याची चौकट अशी खिचडी झाली. पिस्तुलं चालत राहिली. ब्लांनी ढिगातून दाखवलेला खेळ इथे पूर्ण झाला.

मग ओहायोतला म्हातारा संध्याकाळी तळघरात काय घासत होता?

याचं उत्तर अदलाबदलीच्या पोटातच आहे. कुठलीही नळी कुठल्याही बुशिंगमध्ये बसायची असेल, तर सर्वांत जाड नळी सर्वांत अरुंद बुशिंगमध्येही गेली पाहिजे, आणि वर चिखल, कार्बन, थंडी यांसाठी जागा उरली पाहिजे. म्हणजे सर्वसाधारण नळी सर्वसाधारण बुशिंगमध्ये सैलच असणार. हा निष्काळजीपणा नाही. सगळ्यांशी जुळवून घ्यायचं तर कुणाशीच चपखल बसता येत नाही.

सैल म्हणजे किती, आणि त्यानं काय होतं? त्या म्हाताऱ्यानं एका पुठ्ठ्यावर गणित करून दाखवलं होतं, मी ते मिलिमीटरमध्ये परत केलं. नळी पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. नेमबाजीचं लांबचं अंतर ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५.७ मीटर. गुणोत्तर ३६०. नळीचं बूड जागेवर आहे असं धरलं आणि तोंड बुशिंगमध्ये पाव मिलिमीटर हललं, तर गोळी लक्ष्यावर ९० मिलिमीटर सरकते. त्या अंतरावरच्या अमेरिकन लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? ३.३६ इंच, ८५ मिलिमीटर. नेमबाजाचा हात देवासारखा स्थिर असला तरी पिस्तूलच त्याचा दहा खाणार.

या नेमबाजीला बुल्सआय म्हणतात. उभं राहून, एका हातानं. ५० यार्डांवर दहा मिनिटांत दहा गोळ्या, २५ यार्डांवर पाच-पाच गोळ्या आधी वीस सेकंदांत आणि नंतर दहा सेकंदांत. १९०७पासून अमेरिकेचे राष्ट्रीय सामने ओहायोतच, लेक ईरीच्या काठी कँप पेरी इथे भरत आलेत. सैन्याचं पिस्तूल घेऊन तिथे उतरणाऱ्यांना फार लवकर कळलं की रणांगणाला पुरतं ते इथे पुरत नाही. १९३०च्या दशकात कोल्टनं निवडक नळ्या घालून आणि चाप हातानं घोटून ‘नॅशनल मॅच’ नावाचं पिस्तूल काढलं. पण खरी धामधूम युद्धानंतरची. १९४५नंतर सैन्यानं नवी १९११ घेतलीच नाहीत. सामन्यांसाठी होती ती युद्धातली झिजलेली, खिचडी झालेली पिस्तुलं. शस्त्रदुरुस्तीवाले काय करायचे, तर नळीच्या उंचवट्यांवर वेल्डिंगनं धातू चढवायचे आणि मग तो कानशीनं उतरवत त्या एका स्लाइडमध्ये बसेल असा करायचे. बुशिंग नवी, मुद्दाम अरुंद, आतून त्या एका नळीपुरती मोठी केलेली. १९५५च्या सुमारास स्प्रिंगफिल्ड आर्मरीच अशी पिस्तुलं पुन्हा बांधून सामन्यांना पुरवू लागली. १९५६मध्ये फोर्ट बेनिंगला सैन्याचं नेमबाजीचं खास पथक निघालं, आणि पथकाबरोबर त्याचे बंदूककार आले. बाहेर लुईझियानात जिम क्लार्क होता. १९५८चा राष्ट्रीय पिस्तूल विजेता तो स्वतःच, आणि दुकानही त्याचं.

स्प्रिंगफिल्डच्या संग्रहालयात मी हे सगळं डोक्यात घेऊन फिरत होतो. मस्केट उभ्या रचलेली ती प्रचंड मांडणी तिथे आहे. ऑर्गनच्या नळ्यांसारखी दिसते म्हणून कवी लाँगफेलोनं तिच्यावर कविता केली होती. लाकडी दस्ते कोरणारा ब्लँचर्डचा लेथ आहे. सगळं संग्रहालय सांगतं की या जागेनं कारागिराचा हात उत्पादनातून कसा काढून टाकला. आणि त्याच जागेनं १९५०च्या दशकात तो हात परत बोलावला, याची मला फार गंमत वाटली. १९६८मध्ये आर्मरीच बंद झाली.

कारखान्यानं फिटरला टाळून हेच साधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९७०मध्ये कोल्टनं सिरीज ७० पिस्तुलात नव्या धर्तीची बुशिंग दिली. तिला चार लवचीक बोटं होती, ती स्प्रिंगसारखी नळीला घट्ट धरायची. नळी थोडी जाड असो की बारीक, बोटं जुळवून घेणार. कल्पना सुंदर होती. पण बोटं कधीकधी तुटायची आणि पिस्तूल तिथेच अडकायचं. लोकांनी ती काढून जुनी भरीव बुशिंग बसवायला सुरुवात केली, आणि पुढे कोल्टनंही तिचा नाद सोडला.

इथे एक गैरसमज दूर करतो. सगळीच नेमबाजीची पिस्तुलं अशी जुळवावी लागत नाहीत. २०१८च्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. त्या प्रकारात .२२चं पिस्तूल असतं. काडतूस कमी ताकदीचं, त्यामुळे नळी हलवायची गरजच नाही, ती चौकटीला पक्की असते. ब्राउनिंगला .४५चा धक्का सोसायचा होता म्हणून त्यानं नळी हलती केली, आणि तिथून ही सगळी घासाघीस आली.

त्या तळघरात मी चार-पाच संध्याकाळी गेलो. म्हाताऱ्याकडे नळ्या यायच्या त्या खास कारखान्यातून, मुद्दाम जास्त धातू ठेवलेल्या. बॉक्समधून काढलेली नळी कुठल्याही पिस्तुलात बसत नाही, हाच तिचा गुण. वेल्डिंगची कटकट गेली, बाकी काम तेच. निळा लावायचा, नळी स्लाइडमध्ये सरकवायची, काढायची, भिंगातून बघायचं. आधी मागचा जिभेसारखा भाग, मग पाठीवरचे उंचवटे, मग खालचे पाय. दोन हात कानशीचे आणि परत निळा. मला सांगावं लागलं नाही. पण मी समजत होतो त्याच्या उलट एक गोष्ट त्यानं शिकवली. मला वाटायचं की सगळं घट्ट केलं की झालं. तो म्हणाला, “घट्ट कुणीही करेल. घट्ट पिस्तूल अडकतं. तिला दर वेळी त्याच खुर्चीत येऊन बसायचंय, एवढंच.” स्लाइड आणि चौकट यांच्यात थोडा खेळ असला तरी तो फारसा मनावर घ्यायचा नाही. नळी आणि स्लाइड यांचं नातं मात्र केसाएवढंही ढळू द्यायचा नाही. काम झालं की ते पिस्तूल यांत्रिक पकडीत धरून ५० यार्डांवर दहा गोळ्या झाडायचा, त्या दीड-दोन इंचांत आल्या तरच गिऱ्हाइकाला द्यायचा. आणि नळी, स्लाइड, बुशिंग या तिन्हींवर बारीक सुईनं एकच नंबर कोरायचा. मला व्हिटनीच्या चापांवरच्या खुणा आठवतात त्या यामुळे.

सैन्यानं १९८५मध्ये १९११ सोडून इटालियन बेरेटा घेतलं होतं, त्यामुळे त्याच्या कामाची कुणाला गरज आहे असं नव्हतं. हौशी लोक यायचे. वर्षाला पंधरा-वीस पिस्तुलं, म्हणाला. आज तर सीएनसीवर इतक्या काटेकोर नळ्या निघतात की काही नुसत्या सरकवूनही बऱ्या चालतात, त्या तशा नावानं विकल्याही जातात. शेजारच्याच पानावर दुप्पट किमतीला जास्त धातूवाली नळी असते आणि खाली सूचना, ही अनुभवी माणसाकडूनच बसवून घ्यावी.

आमच्या टूलरूममध्ये मी परतलो तेव्हा नवी सीएनसी मिलिंग आली होती आणि बेंचवरच्या आठ जणांतल्या पाच जणांना व्हीआरएसचा कागद हातात दिला होता. त्यात माझे मिस्त्री होते, ज्यांनी मला स्पॉटिंग शिकवलं. साहेबांचं म्हणणं, मशीनमधून डाय थेट बसेल. दीड वर्षांनी एका मोठ्या पॅनेलच्या डायला सुरकुत्या येत होत्या, तेव्हा मिस्त्रींना रोजंदारीवर बोलावलं. ते आले, निळ्याची ट्यूब घरून घेऊन. चार दिवस काम केलं, कुणाशी फार बोलले नाहीत, पैसे घेऊन गेले.

ओहायोतल्या शेवटच्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं मला एक बुशिंग आणि एक जुनी नळी दिली आणि म्हणाला, कर. बाहेरून स्लाइडमध्ये हातानं न फिरेल इतकी आवळ, आतून नळीला केसाच्या एक तृतीयांश एवढी मोकळीक. मी दोन तास खपलो. मायक्रोमीटरनं बघितलं, बरोबर होतं. नळी तेल लावून सरकवली, लोण्यासारखी गेली. मी खूश. त्यानं काही न बोलता नळीचं बूड खाली दाबलं, जसं गोळी सुटल्यावर कडी ओढते तसं. नळी अडकली. बूड खाली गेलं की तोंड वर उचलतं, आणि त्या तिरक्या अवस्थेसाठी बुशिंगला आतून वरच्या आणि खालच्या अंगाला किंचित उतार द्यावा लागतो. मी ती फक्त सरळ उभ्या नळीसाठी केली होती. एका बाजूनं बसणारा चौकोन, परत.

उतार द्यायला गेलो आणि घाईत जास्त काढलं. आता नळी अडकत नव्हती, पण सरळ असतानाही हलत होती. अंगठ्याला कळेल इतकी. काढलेला धातू परत लावता येत नाही.

त्यानं बुशिंग माझ्या हातातून घेतली, दिव्याकडे धरून आतून बघितली आणि बेंचखालच्या कॉफीच्या डब्यात टाकली. डब्यात तशा तीस-चाळीस असतील. मी विचारलं, या सगळ्या शिकाऊ पोरांच्या का? तो म्हणाला, निम्म्या माझ्या. मी म्हटलं, दुसरी दे. त्यानं घड्याळ बघितलं. “आता नको,” म्हणाला, “दोघांचेही डोळे थकलेत.” आणि दिवा बंद केला.